थंडी बाहेरची आणि थंडी घरातली

२०१९ सालच्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे. माझे एक जुने रुग्ण संध्याकाळी दवाखान्यात आले. निवृत्त मुख्याध्यापक, वय तेव्हा ७१. सारी वस्ती त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. तक्रार साधी होती, दहा दिवसांचा खोकला. अंगात पातळ सदरा, त्यावर अर्ध्या बाह्यांचे जुने स्वेटर, डोके उघडे. ‘गुरुजी, मफलर तरी गुंडाळायचा,’ असे मी म्हणताच ते ओशाळून हसले.

‘काय सांगू डॉक्टरसाहेब, मुलगा शिकागोला आहे. परवा फोनवर म्हणाला, इथे उणे तीस अंश झाले आहे. मी म्हटले, बाबा रे, आमच्याकडेही यंदा थंडीने कहर केला आहे. तर तो आणि सूनबाई दोघेही हसायला लागले. म्हणे, तुमच्या थंडीत आम्ही इकडे जॅकेट काढून फिरतो. तेव्हापासून स्वेटर घालायचीसुद्धा लाज वाटते.’

रक्तदाब पाहिला तर १७८/१०४ भरला. दिवाळीच्या सुमारास हाच माणूस त्याच गोळ्यांवर १४० च्या आत होता. गोळ्या चुकल्या नव्हत्या. खोदून विचारल्यावर कळले की संक्रांतीच्या दिवशी पहाटे पाच वाजता त्यांनी नेमाप्रमाणे गार पाण्याने आंघोळ केली, आणि अंग पुसता पुसता जीभ जड झाली, उजव्या हातातून तांब्या निसटला. दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत झाले, म्हणून त्यांनी घरात कुणालाही सांगितले नाही. मला तरी कुठे सांगायला आले होते? ते खोकल्याचे औषध न्यायला आले होते.

ही अर्धांगवायूची आगाऊ सूचना असते. मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत क्षणभर अडथळा येतो आणि सुटतो. दर वेळी तो सुटेलच असे नाही. गुरुजींना त्याच रात्री तज्ज्ञांकडे पाठवले, औषधे बदलली, आणि ते वाचले. परंतु ‘स्वेटर घालायचीसुद्धा लाज वाटते’ हे त्यांचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. आज लिहायचे आहे ते त्या वाक्याबद्दल.

मुलगा खोटे बोलत नव्हता. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे ३०.६ अंशांपर्यंत उतरला होता. टपालवाटप बंद पडले होते, आणि ज्यांना घर नाही त्यांना ऊब मिळावी म्हणून महानगराच्या बसगाड्या रस्त्यांवर उभ्या केल्या होत्या. त्याच्या आठवडाभर आधी, २४ जानेवारीला, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात ४६.६ अंशांचा विक्रमी उन्हाळा होता. तिथल्या लोकांना जग संपते की काय असे वाटले असेल. आपल्याकडच्या मे महिन्यात तो आकडा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जातो. आणि आपले स्वतःचे काय, तर त्याच हिवाळ्यात २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश नोंदले गेले आणि १९३७ सालचा ३.९ चा विक्रम मोडला. याच नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आहेत. म्हणजे एकाच गावात, साडेपाच वर्षांच्या अंतराने, ४४ अंशांहून अधिक फरक. समुद्र दूर, हवा कोरडी, हिवाळ्यात आकाश निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री सारी उष्णता सोडून मोकळी होते, आणि उत्तरेत बर्फ पडला की तिकडचे वारे सातपुडा ओलांडून सरळ आपल्या अंगणात येतात.

सैबेरियातल्या व्हर्खोयान्स्क गावाची गोष्ट याहून टोकाची. तिथे १८९२ साली उणे ६७.८ नोंदले गेले होते आणि २० जून २०२० ला ३८ अंश! अशा गावांपुढे आपले नागपूर म्हणजे सौम्य हवेचे ठिकाण. मग आपल्या थंडीचे कौतुक कशाला, असे वाचकांना वाटेल. गुरुजींच्या मुलालाही तेच वाटले.

पण तो अर्धेच बोलत होता. मी गुरुजींना एक साधा, भिंतीवर टांगायचा तापमापक घ्यायला लावला. पहाटे पाच वाजता त्यांच्या झोपायच्या खोलीत १२ अंश असत. मुलाला विचारायला सांगितले, तर त्याच्या घरात रात्रंदिवस २१. तो गरम घरातून गरम गाडीत आणि गरम गाडीतून गरम कचेरीत जातो. मधल्या दहा पावलांसाठी अंगावर चार थर घालतो. उणे तीसची थंडी त्याच्या खिडकीबाहेर होती. गुरुजींची १२ अंशांची थंडी त्यांच्या गादीवर होती, रात्रभर. दोघांपैकी जास्त थंडी कोण सोसत होते, ते सांगायला डॉक्टर लागत नाही. पुढे तो मुलगा डिसेंबरात सुटीवर आला, त्याच खोलीत झोपला, आणि पहाटे चार वाजता दुसरी दुलई मागायला उठला. गुरुजींनी मला हे मोठ्या समाधानाने सांगितले.

आपली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत, हे यामागचे कारण. उंच छत, झरोके, दारांच्या फटी, थंडगार फरशी. आणि खास नागपुरी गोष्ट म्हणजे खिडकीत बसवलेला कूलर. मे महिन्यात तो आपला प्राण वाचवतो. जूनमध्ये पाणी काढून टाकतो, खस काढून ठेवतो, आणि तो लोखंडी पेटारा मात्र वर्षभर खिडकीतच राहतो. डिसेंबरात त्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतून वारा सरळ आत येतो, आणि बहुतेक घरांत त्या खिडकीखालीच आजोबांची खाट असते, कारण उन्हाळ्यात ती जागा सर्वांत थंड म्हणून त्यांना दिलेली असते! मी घरी जाऊन रुग्ण पाहतो तेव्हा आधी हे पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी ज्या सूचना काढल्या, त्यांत घरातले तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये असे म्हटले आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्यापैकी किती घरे त्या कसोटीला उतरतील?

यावर युरोपात एक फार चांगला अभ्यास झाला होता, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. तापमान १८ अंशांच्या खाली एकेक अंश उतरले की मृत्यू किती वाढतात हे निरनिराळ्या प्रदेशांत मोजले. उबदार अथेन्समध्ये दर अंशामागे ते सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढत होते. दक्षिण फिनलंडमध्ये, जिथे महिनोन्महिने बर्फ असते, तिथे पाव टक्क्याच्या आसपास. कारण शोधले तेव्हा दिसले की बाहेर ७ अंश असताना फिनलंडमधले ७२ टक्के लोक डोक्यावर टोपी घालून निघत होते आणि अथेन्समधले फक्त १३ टक्के. फिनलंडच्या घरांतली बैठकीची खोलीही अधिक गरम होती. पुढच्याच वर्षी सैबेरियातल्या याकुत्स्क शहराचा अभ्यास आला. तिथे पन्नाशी ओलांडलेल्या माणसांमध्ये तापमान उणे ४८ पर्यंत उतरले तरी एकूण मृत्यूंचे प्रमाण वाढले नव्हते. माणसे सरासरी चार थरांहून अधिक कपडे घालत होती आणि घरात १९ अंश राखत होती.

नागपूर या बाबतीत फिनलंडच्या नव्हे, अथेन्सच्या पंगतीत बसते. आपल्याला थंडीची लाज वाटते, आणि कानटोपीची त्याहून जास्त. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले की त्याचे छायाचित्र छापून येते आणि आपण ते कौतुकाने पाहतो. पण आपल्याच गल्लीत आठ अंशांच्या पहाटे उघड्या डोक्याने फिरायला निघालेल्या साठीच्या गृहस्थाकडे आपण ‘तब्येत राखून आहेत’ म्हणून आदराने बघतो.

थंडीत शरीरात घडते ते असे. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे आतली ऊब बाहेर जात नाही. पण तेवढेच रक्त अरुंद नळ्यांतून ढकलायचे म्हणून दाब वाढतो. रक्त थोडे घट्टही होते. तहान लागत नाही म्हणून माणूस पाणी कमी पितो, तरी लघवीला अधिक जातो, त्याने रक्त आणखी दाट होते. पहाटेच्या वेळी रक्तदाब एरवीही चढता असतो. त्यात अंगावर गार पाण्याचा तांब्या पडला, की आधीच कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांची परीक्षा होते. तरुणांना काही होत नाही, आणि तरुणांना काही झाले नाही म्हणूनच चाळीस वर्षे चाललेली सवय सत्तरीत सोडवत नाही.

भारतातल्या २००१ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष मला स्वतःला चकित करून गेला. आपल्याकडे हाडे गोठवणाऱ्या थंडीपेक्षा मध्यम थंडी कितीतरी जास्त माणसे नेते. अर्धांगवायू, हृदयविकार आणि श्वसनाचे विकार यांनी ३० ते ६९ या वयात झालेल्या मृत्यूंपैकी २०१५ या एका वर्षात सुमारे १ लाख ९७ हजार मृत्यू मध्यम थंडीच्या खात्यावर जातात, असा त्यांचा अंदाज होता. तीव्र थंडीचे दिवस मोजके असतात आणि त्या दिवशी आपण सावध असतो. मध्यम थंडी मात्र महिनोन्महिने असते आणि तिला कोणी थंडी म्हणत नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरले असेल तर थंडीची लाट. म्हणजे ११ अंशांच्या दिवशी लाट नाही, इशारा नाही. गुरुजींचा तांब्या मात्र इशाऱ्याची वाट पाहत नाही.

रक्तदाबाच्या रुग्णांनी नोव्हेंबरात एकदा आणि जानेवारीत एकदा दाब तपासून घ्यावा, बरे वाटत असले तरी. उन्हाळ्यात पुरणारी गोळी हिवाळ्यात पुरेलच असे नाही. ती वाढवायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या, शेजाऱ्यांना नको. फिरायला जरूर जा, अंबाझरीला जा, पण ऊन अंगावर आल्यावर जा. पहाटे पाचचे फिरणे हे काही व्रत नव्हे. हिवाळ्याच्या पहाटे धूर आणि धूळही जमिनीलगत साचून राहते, दम्याच्या रुग्णांना ते वेगळेच दुखणे. आंघोळ कोमट पाण्याने. आणि अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर दहा मिनिटांत बरे झाले तरी इस्पितळ गाठा. बरे नाही झाले तर घड्याळ पाहा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. चोळत बसण्यात ते तास जातात.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती पुन्हा कोणाकडून होऊ नये. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत जानेवारीतल्या एका सकाळी एका म्हाताऱ्या बाईंना पाहायला बोलावले होते. एकट्या राहत होत्या. हाका मारल्या की कुरकुरत, पण डोळे उघडत नव्हत्या. मी थर्मामीटर लावला, पारा ९४ वरच बसून राहिला. ताप नाही, असे म्हणून मी अशक्तपणाचे काहीतरी लिहू लागलो. सोबत आलेल्या अनुभवी परिचारिकाबाईंनी पातळाखाली पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, पोट बर्फासारखे आहे.’ आपला साधा थर्मामीटर ९४ अंश फॅरनहाइटच्या खाली दाखवतच नाही. ताप मोजायला केलेले यंत्र ते, गारठा कसा मोजणार? शरीराचे तापमान ९५ च्या खाली गेले की जिवाला धोका सुरू होतो, आणि वृद्धांना अनेकदा हुडहुडीसुद्धा भरत नाही. त्या बाई बऱ्या झाल्या, श्रेय परिचारिकेचे. म्हातारे माणूस हिवाळ्यात सुस्त, गोंधळलेले वाटले तर हातपाय नव्हे, पोट हाताने चाचपा. तेही गार लागले तर कोरड्या दुलईत गुंडाळा आणि इस्पितळात न्या.

ऊब मिळवण्याचे आपले उपायही कधी कधी घात करतात. खोलीत सिगडी ठेवून, दारे-खिडक्या लावून झोपणे हा त्यांतला सर्वांत वाईट. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याचे कळत नाही, झोप फक्त गाढ होत जाते. बाळंतिणीच्या खाटेखाली शेक ठेवणाऱ्या घरांनी याचा विचार करावा. लहान, बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर हाही तोच वायू देतो. कूलरची जाळी बंद करा असे मी वर सुचवले, पण ज्या खोलीत विस्तव आहे तिथे एक खिडकी उघडीच हवी, आणि झोपण्यापूर्वी विस्तव बाहेर गेलाच पाहिजे. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टेक्सास या उष्ण प्रांतात अवचित हिमवादळ आले, वीज गेली, आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसे दगावली. बहुतेक गारठ्याने, पण काही याच वायूने. श्रीमंत देश, पण घरे आपल्यासारखी, उन्हाळ्यासाठी बांधलेली.

मधुमेहींनी पाय शेकू नयेत. संवेदना गेलेल्या तळव्याला गरम पाण्याची पिशवी किती गरम आहे हे कळत नाही. दर हिवाळ्यात भाजलेले दोन-तीन पाय माझ्याकडे येतात, आणि त्यातला एखादा बोट गमावतो. मोजे घालावेत, बस. दारूने ऊब येते हाही भ्रमच. ती कातडीकडे रक्त नेते म्हणून गरम वाटते, पण आतली ऊब भराभर बाहेर जाते. नवजात बाळाला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, डोक्याला टोपडे असावे, आणि आईच्या उघड्या छातीशी धरणे ही सर्वांत चांगली शेगडी. शाळेत जाणाऱ्या पोरांना स्कूटरवर पुढे उभे करून नेणाऱ्या वडिलांना एक हिशेब सांगतो. हवा १० अंशांची असेल आणि गाडी चाळीसच्या वेगात असेल, तर पोराच्या चेहऱ्याला ती ६ अंशांसारखी लागते. मागे बसवा, कान झाका. संत्र्याने मात्र सर्दी होत नाही. नागपुरात राहून हे लिहावे लागते याचे वाईट वाटते.

हे झाले ज्यांना घर आहे त्यांचे. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. कोकणातून, मराठवाड्यातून आलेली माणसे एका शालीवर रात्र काढतात, त्यांना नागपूरच्या रात्रीची कल्पना नसते. मोठ्या इस्पितळांच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक फरशीवर पथारी टाकतात. आत रुग्ण बरा होत असतो आणि बाहेर सोबती आजारी पडत असतो. बांधकामावरचे रखवालदार, फुटपाथवरची म्हातारी माणसे यांचे काय?

उन्हाळ्यासाठी नागपूर महापालिकेचा २०१६ पासून उष्णतेचा कृती आराखडा आहे. दुपारी उद्याने उघडी ठेवायची, इस्पितळांत उष्माघाताची व्यवस्था करायची, लोकांना इशारे द्यायचे, अशी त्याची रचना. चांगले काम आहे आणि त्याने जीव वाचतात याबद्दल मला शंका नाही. थंडीसाठीही तसाच आराखडा हवा, एवढीच माझी मागणी आहे. त्याला फारसा खर्च नाही, माणसे आणि खाती तीच आहेत. शहरी बेघरांसाठीच्या राष्ट्रीय निकषाप्रमाणे दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा एक निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत नागपूरची वस्ती २४ लाखांवर होती. हिशेब सोपा आहे. शिवाय इस्पितळांच्या आवारात सोबत्यांसाठी रात्री एखादे बंद दालन, अधिवेशनाच्या काळात मोर्चेकऱ्यांसाठी शाळांच्या वर्गखोल्या, आणि रक्तदाबाच्या मोफत तपासणीची मोहीम मार्चऐवजी नोव्हेंबरात. लाटेचा इशारा १० अंशांवर येतो. वृद्धांसाठी तो १४-१५ लाच का देऊ नये? हवामान खात्याचे निकष शेतीला आणि रेल्वेला लागतील तसे असू द्यावेत, पण आरोग्य खात्याने आपला वेगळा आकडा ठरवायला काय हरकत आहे?

गुरुजी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेले. दाब ताब्यात आहे. सकाळी आठ वाजता कोमट पाण्याने आंघोळ करतात, आणि डोक्यावर तपकिरी कानटोपी असते. दिवाळीनंतर कूलरवर जाड पुठ्ठा आणि जुनी चादर बांधून मिळते. ते काम आमच्या कंपाउंडरचा मुलगा करून देतो, गुरुजींच्या खुर्चीवर चढून. गेल्या महिन्यात त्याने वस्तीतले आणखी सात कूलर बांधले. खिडकीखाली खाट असणारी अजून चार घरे त्याच्या यादीत शिल्लक आहेत.